वर्गात वारंवार अडणारं मूल: शोध कसा घ्यायचा, आधार कसा द्यायचा

वर्गातलं एखादं मूल रोज काही ना काही कारणाने तास मोडतं. ढकलाढकली, उलट उत्तरं, वही भिरकावणं, मध्येच उठून फिरणं, नाहीतर बाकावर डोकं टेकून काहीच न करणं. नव्या शिक्षकाला अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे 'कडक व्हा' आणि दुसरा 'लक्षच देऊ नका, आपोआप थांबेल'. दोन्ही एखाद्या मुलाला लागू पडतात आणि दुसऱ्याच्या बाबतीत प्रकरण चिघळवतात. दोन मुलं अगदी सारखी वागत असली, तरी त्या वागण्यातून त्यांच्या पदरात पडणारी गोष्ट वेगळी असू शकते, म्हणून असं होतं. एकाला सगळ्यांनी आपल्याकडे पाहायला हवं असतं, दुसऱ्याला समोरचं गणित टाळायचं असतं. पहिल्याला वर्गाबाहेर उभं केलं तर त्याचे प्रेक्षक जातात. दुसऱ्याला बाहेर उभं केलं तर त्याला हवं तेच मिळतं आणि उद्या तो पुन्हा तेच करतो.

म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्या एकाच प्रश्नाभोवती फिरतात: हे वागणं या मुलाच्या काय कामाला येतंय? त्याचं उत्तर सापडेपर्यंत शिक्षा, बक्षीस, समज देणं, जागा बदलणं हे सगळं अंधारात केलेलं असतं. नियमांची पाटी लावून, चार-सहा दिवस प्रेमाने सांगूनही जे मूल अडतच राहतं, त्याच्यासाठी हा मार्ग आहे. अधूनमधून दंगा करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मागे नोंदवही घेऊन लागायची गरज नाही.

१. वागणं नेमक्या शब्दांत लिहा

'उद्धट आहे', 'आळशी आहे', 'लक्षच नसतं' ही आपली मतं झाली. ती वहीत लिहिली तर पुढचं काहीच मोजता येत नाही. लिहायचं ते असं, की ते वाचून दुसरे शिक्षक वर्गात आले तर त्यांनाही तीच गोष्ट दिसावी. 'सूचना दिल्यावर वही उघडत नाही आणि मोठ्याने "नाही करणार" म्हणतो', 'शेजारच्याच्या वस्तू न विचारता उचलतो', 'तास चालू असताना जागा सोडून दाराशी जातो'.

चार-पाच तक्रारी असतील तर एकच निवडा, फार तर दोन. स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल तर तीच गोष्ट आधी. त्यानंतर, ज्यामुळे मुलाचं शिकणं सर्वात जास्त बुडतंय ती. शिक्षकाला चीड आणणारी पण कुणाचंच नुकसान न करणारी सवय, म्हणजे पाय हलवत बसणं किंवा उभं राहून लिहिणं, सरळ सोडून द्या.

२. शरीराची आणि परिस्थितीची चौकशी

मागे बसणाऱ्या मुलाला फळा नीट दिसत नसेल, तर ते शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं आणि आपण त्याला 'बडबड्या' ठरवतो. मधल्या कानात द्रव साचला की काही दिवस नीट ऐकू येतं आणि काही दिवस येत नाही. अशा मुलाबद्दल 'मनात असलं की ऐकतो' असं बोललं जातं. फिट येण्याचा एक प्रकार असा असतो की मूल काही सेकंद शून्यात पाहतं, हाक मारली तरी उत्तर देत नाही आणि लगेच पूर्ववत होतं. त्याचाही 'लक्ष नाही' म्हणून ओरडा खाऊन होतो. म्हणून दृष्टी, श्रवण, झोप, भूक, चालू असलेली औषधं, पोटदुखी किंवा दातदुखी यांची विचारपूस पालकांकडे आधीच करून घ्या. घरात नुकतंच काही घडलंय का, शाळेत येता-जाता कुणी छळतंय का, हेही.

निदान करणं शिक्षकाचं काम नाही. 'याला अमुक विकार असणार' असं स्टाफरूममध्येसुद्धा बोलू नये, कारण तो शिक्का मुलाच्या आधी पुढच्या वर्गात पोचतो. आपण जे पाहिलं ते लिहायचं आणि तपासणीसाठी योग्य माणसाकडे पाठवायचं.

३. नोंद ठेवा

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं हेच काम आहे आणि घाईत हेच गाळलं जातं. स्मरणशक्तीवर विसंबून चालत नाही. वाईट गेलेला एक तास मनात आठवडाभर राहतो आणि बरे गेलेले पाच तास आठवतही नाहीत.

काय मोजायचं ते वागण्यावर ठरतं. ओरडणं, मारणं, जागा सोडणं अशा सुटसुटीत घटना असतील तर किती वेळा झालं ते मोजा. रडणं किंवा रुसून बसणं असेल तर किती मिनिटं चाललं ते. काम सुरूच न करणं ही तक्रार असेल तर सूचनेपासून सुरुवातीपर्यंत किती वेळ गेला ते. शिकवता शिकवता हे जमत नाही असं वाटतं, पण युक्त्या आहेत. एका खिशात दहा-बारा मणी ठेवा आणि प्रत्येक घटनेला एक मणी दुसऱ्या खिशात टाका. तास संपल्यावर मोजा. किंवा दर ५ मिनिटांनी एकदा मान वर करून पाहा आणि त्या क्षणी मूल कामात असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. त्याच वेळी शेजारच्या एखाद्या सर्वसाधारण मुलाचीही खूण करा. तीही फुल्यांनी भरली, तर अडचण एका मुलाची नसून त्या तासाची आहे. हे कळलं तरी मोठं काम झालं.

दुसरी नोंद तीन रकान्यांची: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच पुढे काय झालं. तिसऱ्या रकान्यात आपण स्वतः काय केलं ते प्रामाणिकपणे लिहायचं, कारण मुलाला नेमकं काय मिळालं ते तिथेच दिसतं. समजा, चौथीतला रोहन. त्याच्या एका तासाची नोंद अशी असेल:

११.१० – भागाकाराची ८ उदाहरणं वहीत सोडवायला सांगितली.
११.१२ – पेन्सिल खाली टाकली. उचलताना पुढच्या मुलीचं दप्तर ओढलं. मी नाव घेऊन 'नीट बस' म्हटलं.
११.१४ – 'असलं कोण करतं' असं मोठ्याने. दोन मुलं हसली. मी पुन्हा टोकलं.
११.१५ – वही बाकावरून ढकलली. मी बाहेर उभं राहायला सांगितलं.
११.१६ ते ११.४० – बाहेर शांत उभा. एकही उदाहरण झालं नाही.

साधारण ५ ते १० तासांच्या नोंदी वेगवेगळ्या वेळच्या, वेगवेगळ्या विषयांच्या घ्या. वागणं घडत *नाही* ते तासही लिहा. रोहन तोंडी गणितात हात वर करतो, चित्रकलेत तासभर जागचा हलत नाही, ही माहिती वरच्या नोंदीइतकीच मोलाची आहे.

४. वागण्यामागचं काम ओळखा

बहुतेक वागण्यांची कामं मोजकीच असतात. कुणाचं तरी लक्ष मिळवणं, मोठ्यांचं किंवा सवंगड्यांचं. हवी ती वस्तू किंवा हवा तो खेळ मिळवणं. नकोसं काम, नकोशी व्यक्ती, गोंगाट, गर्दी टाळणं. आणि काही वागणी शरीराला बरं वाटतं म्हणून होतात: डोलणं, हात फडफडवणं, कपडा चावणं, ती एकटं असतानाही होतात, हीच त्यांची ओळख.

हे वर्गीकरण कुणी घरी बसून बनवलेलं नाही. ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांवर अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक मुलाला त्यांनी ठरवून वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवून पाहिलं: कधी काम सांगितलं, कधी एकटं ठेवलं, कधी इजा केल्यावर लगेच लक्ष दिलं, कधी नुसतं खेळू दिलं. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या वागण्याला वेगवेगळ्या मुलांत वेगवेगळी कारणं निघाली. तसे प्रयोग वर्गात करायचे नाहीत, त्यासाठी प्रशिक्षित माणूस आणि वैद्यकीय देखरेख लागते. आपल्याला त्यातला विचार पुरतो.

रोहनच्या नोंदीत दोन शक्यता दिसतात. मुलं हसली म्हणजे लक्ष मिळालं. बाहेर पाठवलं म्हणजे भागाकार टळला. कोणती खरी? इथे एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. एक दिवस त्याच जागी, त्याच मुलांमध्ये, ८ ऐवजी २ उदाहरणं द्या आणि एक सोडवलेलं उदाहरण समोर ठेवा. तो शांतपणे बसला, तर प्रेक्षक तेच असूनही दंगा झाला नाही. दुसऱ्या दिवशी सोपी बेरीज द्या, पण त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष देणार नाही असं पाहा. तेव्हाही तो निवांत असला, तर लक्ष मिळवणं हे मुख्य कारण नव्हतं. मग अंदाज एका वाक्यात लिहा: 'भागाकाराचं लेखी काम एकदम दिलं की रोहन वस्तू टाकतो, मोठ्याने बोलतो, कारण त्याला बाहेर पाठवलं जातं आणि काम टळतं.' हे वाक्य जमलं नाही तर नोंदी अजून अपुऱ्या आहेत, पुढे जाऊ नका.

आणि काम टाळलं जातंय असं दिसलं की लगेच पुढचा प्रश्न: ते येतं का त्याला? शेजारी बसून त्याच्याकडून एक भागाकार मोठ्याने बोलत करून घ्या. पाढे येतात पण मधल्या पायरीतली वजाबाकी हातचा घेताना अडते, असं काही हमखास सापडतं. अडणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांना वर्गासमोर 'येत नाही' असं दिसण्यापेक्षा 'करत नाही' असं दिसणं परवडतं. हा भाग मला सर्वात कळकळीने सांगावासा वाटतो, कारण वर्तनाची योजना कितीही चांगली केली तरी त्या मुलाला वजाबाकी कुणी शिकवली नाही, तर काहीही टिकत नाही.

५. योजना: आधी काय बदलायचं

दंगा झाल्यावर काय करायचं याचा विचार आपण फार करतो. तो होण्याआधीच्या दोन मिनिटांत हाती असलेले उपाय जास्त स्वस्त पडतात. काम तुकड्यात द्या. कागदाची घडी घालून वरची दोनच उदाहरणं दिसतील असं करा. अवघड उदाहरणांमध्ये येणारी सोपी पेरा. निवड द्या, पण दोन्ही पर्याय तुम्हाला चालतील असे: 'आधी वरची ओळ करतोस की खालची?', 'पेन्सिलने की पाटीवर?' अडचणीची वेळ येण्याआधीच आठवण करून द्या: 'आता लेखी काम आहे. अडलास तर काय करायचं ठरलंय आपलं?'

सूचना देण्याची पद्धतही पाहा. वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून, नाव घेऊन, प्रश्नाच्या रूपात दिलेली सूचना ('रोहन, वही काढणार आहेस का?') नकाराला आमंत्रण देते. जवळ जा, हळू आवाजात एकच गोष्ट सांगा, 'वही काढ, पान २४', आणि तिथून निघा. ५ ते १० सेकंद थांबा. डोक्यावर उभं राहून पुन्हा पुन्हा सांगितलं की माघार घेणं मुलाला अवघड जातं.

लक्ष हवं असलेल्या मुलासाठी इथलं उत्तर वेगळं. त्याला लक्ष मागावं लागण्याआधीच द्यायचं: दारात नाव घेऊन स्वागत, दर काही मिनिटांनी जवळून जाताना वहीवर एक नजर आणि एक शब्द, वह्या वाटायचं काम. वेळापत्रक ठरवून द्या, मूड पाहून नाही.

६. त्याच कामाचा दुसरा मार्ग शिकवा

मुलाला 'असं करू नकोस' म्हणणं पुरत नाही, कारण त्याची गरज तिथेच उभी असते. तीच गरज भागवणारा, पण वर्गात चालेल असा मार्ग हातात द्यावा लागतो. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली हे नीट दाखवलं. मुलांना मदत मागायची किंवा कौतुक मागायची छोटी वाक्यं शिकवली. शिकवलेलं वाक्य त्या मुलाच्या गरजेशी जुळणारं असेल तेव्हा त्रासदायक वागणं कमी झालं. न जुळणारं वाक्य शिकवलं तेव्हा झालं नाही. कामाला अडलेल्या मुलाला 'माझं काम कसं आहे?' हे वाक्य उपयोगाचं नव्हतं, त्याला 'मला हे कळत नाही' हे हवं होतं.

रोहनसाठी बाकाच्या कोपऱ्यावर दोन रंगांची कार्डं ठेवता येतील: एक 'मदत हवी', एक 'दोन मिनिटं थांबू दे'. हे शिकवायचं ते सगळं शांत असताना, एकट्याला, दोघांनी मिळून सराव करून. पहिल्या आठवड्यात त्याने कार्ड दाखवलं की शक्य तितक्या लगेच प्रतिसाद द्या, प्रत्येक वेळी. वही ढकलल्यावर १५ सेकंदांत काम टळतं आणि कार्ड दाखवून ५ मिनिटं वाट पाहावी लागते, असं झालं तर तो वही ढकलणंच निवडेल, आणि ते त्याच्या बाजूने रास्तच आहे. नवा मार्ग जुन्यापेक्षा सोपा आणि लवकर फळणारा हवा. 'मग तो सतत कार्डच दाखवत बसेल' ही भीती बहुतेकांना वाटते. सुरुवातीला दाखवतोही. दाखवू द्या. सवय बसली की दिवसाला इतकीच कार्डं, मग आधी एक उदाहरण आणि नंतर थांबणं, असं हळूहळू ताणता येतं.

७. नंतर काय करायचं

चांगलं वागणं घडताना पकडा आणि नेमकं काय आवडलं ते सांगा. 'शाब्बास' पेक्षा 'अडलास आणि कार्ड दाखवलंस, ओरडला नाहीस, छान' हे जास्त कामाचं. मोठ्या मुलांना सगळ्यांसमोरची स्तुती लाजवते. त्यांच्या वहीत एक ओळ लिहा. १९६८ साली मॅडसन, बेकर आणि थॉमस यांनी प्राथमिक वर्गात केलेल्या अभ्यासात नुसते नियम सांगून फारसा फरक पडला नव्हता. चुकीच्या वागण्याकडे काणाडोळा आणि योग्य वागण्याला दाद, ही जोडी मात्र चांगलीच परिणामकारक ठरली.

काणाडोळ्याबद्दल सावध राहा. तो लक्षासाठी चाललेल्या, निरुपद्रवी वागण्यालाच लागू आहे. काम टाळणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष केलं तर काम टळतंच. कुणाला इजा होत असेल तर दुर्लक्ष हा पर्यायच नाही. आणखी एक, जुनी युक्ती चालेनाशी झाली की वागणं कधी कधी आधी वाढतं, मग कमी होतं. दोन दिवस ओरडण्याला प्रतिसाद दिला नाही आणि तिसऱ्या दिवशी आवाज चढल्यावर दिला, तर मूल एवढंच शिकतं की जास्त मोठ्याने ओरडावं लागतं. निभावता येणार नसेल तर हा उपाय सुरूच करू नका.

रोहनला बाहेर पाठवणं बंद. शांत झाल्यावर तेच काम, छोटं करून, मदतीसह पुरं होतं. यात राग नको, टोमणा नको, 'बघ, आता केलंस ना' तर अजिबात नको.

८. स्फोट झालाच तर

राग चढत जातो. आधी चुळबुळ, तुटक उत्तरं, मुठी आवळणं, मग वाद, मग तोडफोड किंवा मारामारी, मग थकवा. उपयोगी पडतील असे शब्द पहिल्या टप्प्यात बोलायचे: 'पाणी पिऊन ये', 'इथे बसून कर'. शिखरावर असताना मुलाला समजावणं, कारण विचारणं, शिक्षा सुनावणं यातलं काही पोचत नाही. तेव्हा कमी बोला, आवाज खाली ठेवा, हातभर अंतर सोडून थोडं तिरकं उभे राहा, दार अडवू नका. शक्य तेव्हा इतर मुलांनाच तिथून हलवा. प्रेक्षक गेले की आग निम्मी होते. मदतीला कुणाला आणि कसं बोलवायचं हे आधीच ठरलेलं असू द्या. मूल शांत दिसलं तरी लगेच माफी मागायला लावू नका, पुन्हा भडकतं. बोलणं नंतर, थोडक्यात: काय झालं, पुढच्या वेळी काय करू, मी काय करू. आणि ज्याला लागलं किंवा जो घाबरला, त्या मुलाकडे त्याच दिवशी जा. तो विसरला जातो.

९. पालकांशी बोलणं

तक्रारीचा फोन हा पालकांशी पहिला संवाद असू नये. आधी एखादी चांगली गोष्ट कळवा, खरी. भेटीत नोंदवही समोर ठेवा आणि मतांऐवजी नोंदी वाचा. 'घरी असं कधी होत नाही? मग घरी काय वेगळं असतं?' हा प्रश्न खराखुरा विचारा, त्यांचं उत्तर लिहून घ्या. शाळेतल्या चुकीची शिक्षा घरी होणार असं वाटलं तर तपशील जपून सांगा.

१०. चाललंय का ते पाहा

योजना सुरू केल्यावर तीच मोजणी तशीच चालू ठेवा. साधारण दोन-तीन आठवडे सलग, सगळ्या तासांच्या शिक्षकांनी सारखं केल्यावरही आकडे हलले नाहीत, तर आधी योजना खरंच पाळली गेली का ते तपासा. पाळली गेली असेल तर अंदाज चुकलाय. चौथ्या पायरीवर परत. आकडे सुधारले तर आधार एकदम काढू नका, एकेक करून कमी करा.

काही वेळा वाट पाहायची नसते. मूल स्वतःला इजा करतंय, मरणाविषयी बोलतंय, वागण्यात अचानक आणि मोठा बदल झालाय, अंगावर न उलगडणाऱ्या खुणा आहेत, घरी जायला घाबरतंय: अशा वेळी त्याच दिवशी मुख्याध्यापक, समुपदेशक आणि बालसंरक्षणाची जबाबदारी असलेली व्यक्ती यांना लेखी कळवा. मुलाला 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 'तुला मदत करू शकतील त्यांनाच सांगेन' असं सांगा.

वर्ष संपताना पुढच्या शिक्षकांसाठी एक पान लिहा. त्यात मागच्या भांडणांची यादी नको. कशाने बिघडतं, कशाने सावरतं, कोणता मार्ग शिकवलाय, कार्डं किती वापरतो, कोणतं गणित अजून कच्चं आहे आणि त्याला काय मनापासून आवडतं, एवढं पुरे. शक्य झालं तर ते पान आधी त्या मुलाला वाचून दाखवा आणि त्याला काही बदलावंसं वाटलं तर बदला.